अंगणवाडीपासून बाल संरक्षण कक्षापर्यंत : कळंब परिसरातील मुली-सुनांसाठी बालशिक्षणातल्या नोकरीच्या वाटा

कळंब (ता. इंदापूर) : "सून बारावी झालीय, अंगणवाडीत बघा काही होतंय का" हे वाक्य कळंब, निमसाखर, लासुर्णे, सणसर या पट्ट्यात घरोघरी ऐकू येते. गावातल्या गावात काम, घरही सांभाळता येते, चार पैसेही येतात, असा साधा हिशोब त्यामागे असतो. हिशोब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. अंगणवाडी म्हणजे नेमके कोणते पद, त्याला पगार की मानधन, तिथून पुढे जाता येते का, आणि लहान मुले व कुटुंब यांच्यासाठी काम करण्याच्या आणखी वाटा कोणत्या, हे बहुतेकांना जाहिरात निघाल्यावर कळते. तेव्हा कागदपत्रे गोळा करायलाही वेळ उरत नाही. म्हणून ही माहिती एकत्र.

सुरुवात बारामती तालुक्यातल्या एका नावापासून

बालशिक्षण हे काही पुण्या-मुंबईहून आलेले फॅड नव्हे. महाराष्ट्रात खेड्यातल्या बालशिक्षणाचा पाया ज्या दोघींनी घातला, त्यातल्या अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी मोरगावचा. म्हणजे आपल्या अष्टविनायकाच्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांत वैधव्य आले. त्या काळात अशा मुलीचे पुढचे आयुष्य कुठल्या कोपऱ्यात गेले असते हे सांगायला नको. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवले आणि १९४५ साली ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी निधन होईपर्यंत त्या त्याच भागात आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले होते.

'अंगणवाडी' हा शब्द आज सरकारी फलकावर दिसतो, पण त्यामागची कल्पना बोर्डीची. बालवाडी उघडली तरी वस्तीतली मुले येईनात. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कुणाला शेरडे राखायची. तेव्हा मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, असे ताराबाईंनी ठरवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. महागडी मॉन्टेसरी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख, शिंपले, बिया, दगड, पाने यांचीच साधने झाली. आज प्रशिक्षणात सेविकांना 'परिसरातील साहित्यातून शैक्षणिक साधने' हा भाग शिकवला जातो, त्याचे मूळ तिथे आहे.

केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आता महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. त्यामुळे गावाकडच्या बाईसाठी या क्षेत्रातला सर्वात मोठा 'मालक' कोणती खाजगी शाळा नाही, सरकारच आहे.

सेविका काय करते?

"खिचडी वाटायची आणि गाणी म्हणायची" हा समज आधी काढून टाकलेला बरा. योजनेत सहा सेवा आहेत : पूरक पोषण आहार, पूर्व शालेय शिक्षण, आहार व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. शेवटच्या तिन्हींत आरोग्य विभागाची एएनएम आणि आशा यांच्याबरोबर काम असते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असे २०१३ च्या कायद्यातले मूळ निकष होते. गरोदर आणि स्तनदा मातेसाठी ६०० कॅलरी, तीव्र कुपोषित मुलासाठी ८०० कॅलरी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हा आहार हक्क झाला आहे, कुणाची मेहरबानी नाही. सेविकेने दरमहा प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची घ्यायची. सहा महिन्यांपुढच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावायची. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषणाच्या लाल रंगात, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर पिवळ्यात. वरवर गुटगुटीत दिसणारे मूल या पट्टीवर पिवळ्यात निघते आणि आईला ते पटत नाही. आजी तर म्हणते, आमच्यात सगळीच अशी बारीक. त्या आजीला न दुखावता मुलाला ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेणे, हे कौशल्य कुठल्या प्रमाणपत्रात मिळत नाही आणि सेविकेच्या कामातला सर्वात मोलाचा भाग तोच आहे.

२०२१ पासून नोंदी 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल ॲपवर होतात. हजेरी, वजन, आहार, गृहभेटी, सगळे त्यात. रेंज नसली की बांधावर जाऊन माहिती भरायची, हा वाड्या-वस्त्यांवरचा नेहमीचा अनुभव. शिवाय मतदार यादीचे बीएलओचे काम, निरनिराळी सर्वेक्षणे, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज. गावात कोणतीही यादी करायची झाली की पहिला फोन सेविकेला जातो. इच्छुक मुलीने हे आधीच माहीत करून घेतलेले चांगले.

कळंब-वालचंदनगर-भवानीनगर पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे, ती शहरातल्या सेविकेच्या वाट्याला येत नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड टोळ्या येतात. भवानीनगरचा छत्रपती, तिकडे माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूरकडे कर्मयोगी आणि नीरा-भीमा. कारखान्यांची धुराडी पेटली की फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि त्यात बीड, नगर, जालन्याकडची लहान मुले असतात. आई-बाप पहाटे फडात, मूल कोपीत किंवा बैलगाडीखाली. या मुलांचे नाव गावी नोंदलेले असले तरी आहार, वजन, लसीकरण इथल्या अंगणवाडीत मिळू शकते. ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थ्यांची नोंद करता येते. जी सेविका मुकादमाशी बोलून टोळीतली मुले शोधून आणते, ती चार-पाच महिन्यांत एखादे मूल लाल रंगातून बाहेर काढू शकते. आणि जी म्हणते "ती आपल्या गावची नाहीत", तिच्या हद्दीत ती मुले कुठल्याच यादीत येत नाहीत.

पात्रता, आणि कुठे अडते

राज्य सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये भरतीचे नियम बदलले. पूर्वी सेविकेला दहावी आणि मदतनिसाला सातवी चालत असे. आता दोन्ही पदांना किमान बारावी उत्तीर्ण लागते. वय १८ ते ३५, विधवा महिलेला ४० पर्यंत. अर्जदार त्याच महसुली गावची किंवा वाडी-वस्तीची स्थानिक रहिवासी हवी. लहान कुटुंबाची अट आहे, म्हणजे दोनपेक्षा जास्त हयात अपत्ये नकोत.

निवड गुणांकनावर होते. बारावीच्या टक्केवारीला वजन आहे. त्यावर पदवी, पदव्युत्तर पदवी, डी.एड., बी.एड., एमएससीआयटी यांचे गुण मिळतात. विधवा, अनाथ, मागास प्रवर्गातील उमेदवार आणि मदतनीस म्हणून अनुभव असलेल्यांना वाढीव गुण आहेत. थोडक्यात, यादी कागदावर लागते. म्हणूनच "तुमचं काम करून देतो, एवढे द्या" असे सांगणारा कुणी भेटला तर तो ज्या गोष्टीचे पैसे मागतोय ती त्याच्या हातात नाही, हे लक्षात ठेवावे. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकत घेण्यासाठी मुदत दिली जाते. यादीत गुण चुकले असे वाटले तर त्याच मुदतीत लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. नंतर चावडीवर बोलून उपयोग नाही.

सर्वात जास्त अर्ज कुठे अडतात? रहिवासात. लग्न होऊन आलेल्या सुनेचे आधार, मतदान, रेशन कार्ड माहेरच्या गावचेच राहिलेले असते. बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. विवाह नोंदणी केलेलीच नाही. ही तीन कामे जाहिरात निघण्याआधी करून ठेवणाऱ्या सुनेचा अर्ज पूर्ण असतो आणि बाकीच्या तहसील, ग्रामपंचायत, सेतू अशा चकरा मारत बसतात.

लग्न न झालेल्या मुलीने आणखी एक विचार करायला हवा. हे पद गावाला बांधलेले आहे. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तर पद बरोबर येत नाही. गावातली मुलगी पात्र असूनही कुटुंब तिचा अर्ज भरत नाही आणि सुनेचा भरते, त्याचे कारण बहुधा हेच. नियम मुलींवर अन्याय करतो असे म्हणायला जागा आहे. पण सेविका गावातलीच हवी ही कल्पनाही बिनबुडाची नाही. रात्री-अपरात्री बाळंतिणीकडे जाणारी बाई परगावाहून एसटीने येणारी असून चालत नाही.

मदतनीस पदाकडे अनेक शिकलेल्या मुली बघत नाहीत. झाडलोट, स्वयंपाक, मुलांना घरून आणणे ही कामे, आणि मानधन कमी. तरी लक्षात ठेवावे की त्याच गावात सेविकेची जागा रिकामी झाली तर पात्र मदतनिसाला तिथे जाण्याचा मार्ग आहे. दहा-बारा जणी एका जागेसाठी अर्ज करतात तिथे ही मागची वाट नव्हे, पुढची रांग आहे.

मानधन : खरे आकडे

सेविका आणि मदतनीस या सरकारी नोकर नाहीत, मानसेवी कार्यकर्त्या आहेत. त्यांना वेतन नाही, मानधन मिळते. घरात चर्चा होते तेव्हा ही एक ओळ बहुतेक वेळा गाळली जाते.

केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये ठरवले, त्यात राज्य आपली भर घालते. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून सेविकेचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये झाले. त्यानंतर ४ डिसेंबर २०२३ पासून २५ जानेवारी २०२४ पर्यंत राज्यभर संप झाला. ५२ दिवस अंगणवाड्यांना कुलपे होती. २०२४ च्या शरद ऋतूत, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, सेविकेचे मानधन १३,००० आणि मदतनिसाचे ७,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला, वर कामगिरीनुसार प्रोत्साहन भत्ता.

दिवसाच्या मजुरीशी तुलना केली तर मदतनिसाला महिन्याला मिळणारी रक्कम खुरपणीच्या रोजापेक्षा फार पुढे जात नाही. फरक एवढाच की ती बाराही महिने येते. येते, पण वेळेवर येतेच असे नाही. ज्या घरात हेच एकमेव उत्पन्न असणार आहे, विशेषतः एकट्या बाईचे घर, तिथे हा हिशोब आधी मांडायला हवा.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदानाला, म्हणजे ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. हे काम अर्धवेळ आहे हा सरकारी युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. दर्जा मात्र अजून मानसेवीच आहे.

सेविकेच्या पुढे

पगाराची आणि पेन्शनच्या नियमांची नोकरी हवी असेल तर पुढची पायरी पर्यवेक्षिका किंवा मुख्य सेविकेची. एका बीटमधल्या वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख हे तिचे काम. २०२३ च्या जिल्हा परिषद सरळसेवा भरतीत पर्यवेक्षिका हे पद होते. त्यासाठी पदवी लागते आणि समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षणशास्त्र, बालविकास, पोषण, समाजकार्य असे विषय चालतात. वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४००. २०२४ मध्ये एकात्मिक बाल विकास सेवा योजना आयुक्तालयाने मुख्य सेविकांच्या १०२ जागांची वेगळी जाहिरात काढली, तीही याच श्रेणीत. काही जागा अनुभवी सेविकांमधून भरल्या जातात, त्यामुळे सेविका असतानाच बाहेरून पदवी पूर्ण करणारीला दुहेरी फायदा आहे : गुणांकनातही आणि पुढच्या पदासाठीही.

त्यावरचे पद बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचे. ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून किंवा पदोन्नतीने मिळते. एमपीएससीची तयारी करणाऱ्या बारामती-इंदापूरच्या मुलींचे लक्ष तहसीलदार आणि पीएसआयवर असते. या पदाची चौकशी फार कमी जणी करतात.

कोणता कोर्स करावा, आणि कोणता करू नये

इथे सर्वात जास्त पैसे वाया जातात. 'नर्सरी टीचर ट्रेनिंग', 'मॉन्टेसरी डिप्लोमा', 'प्री-प्रायमरी टीचर' अशा नावांचे वर्ग तालुक्याच्या गावी चालतात. काहींत शिकवतातही चांगले. पण प्रमाणपत्रावर ज्या परिषदेचे वा बोर्डाचे नाव छापलेले असते ते कोणते विद्यापीठ किंवा शासकीय मंडळ आहे का, हे फी भरण्याआधी विचारायचे. उत्तर 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असे आले तर समजून जावे. असे प्रमाणपत्र खाजगी नर्सरीत चालू शकते, सरकारी भरतीत त्याला गुण नाहीत.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन व शिक्षणातला पदविका अभ्यासक्रम बारावीनंतर घरी राहून करता येतो, कमीत कमी एक वर्षाचा. साहित्य हिंदी आणि इंग्रजीतून. त्याच विद्यापीठाचा पोषण व आरोग्य शिक्षणाचाही पदविका अभ्यासक्रम आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरील आवारात गृहविज्ञान शिकता येते. पर्यवेक्षिका पदासाठी ही पदवी थेट उपयोगाची. बारामतीत शारदानगरला शारदाबाई पवार महिला महाविद्यालय आहे, रोज जाऊन-येऊन पदवी करायची तर कळंबच्या मुलींना ते आवाक्यातले. समाजशास्त्र घेऊन साधी कला शाखेची पदवी केली तरी पर्यवेक्षिकेची दारे उघडी राहतात, हे फारसे कुणी सांगत नाही.

डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचे डी.एड., हा पहिलीपासूनच्या वर्गांसाठीचा अभ्यासक्रम आहे. बालवाडीसाठी वेगळा दोन वर्षांचा पूर्व प्राथमिक शिक्षण पदविका अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत आहे, पण तो देणारी महाविद्यालये थोडी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चित्र बदलायला सुरुवात केली आहे. वय ३ ते ८ हा 'पायाभूत स्तर' मानला, त्यात अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका द्यावी, असे धोरण सांगते. मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम सुरू केला आणि मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' व तीन वर्षांखालील मुलांसाठी 'नवचेतना' हे आराखडे आले. राज्याचा 'आकार' हा अभ्यासक्रम त्याआधीपासून अंगणवाड्यांत वापरात आहे. म्हणजे पुढच्या काळात सेविकेकडून शिक्षिकेचे काम अपेक्षित असणार. मानधन शिक्षिकेचे होईल का, हा प्रश्न संघटना विचारत आहेत आणि त्याला उत्तर मिळालेले नाही.

खाजगी नर्सरी आणि पाळणाघर

वालचंदनगर, भिगवण, इंदापूर, बारामती इथे इंग्रजी माध्यमाच्या नर्सऱ्या वाढल्या, तशी गावातली मुले पिवळ्या बसने जाऊ लागली आणि काही अंगणवाड्यांचा पट उतरला. नर्सरीत शिक्षिकेची नोकरी लवकर मिळते, पगार मात्र अनेक ठिकाणी अंगणवाडी सेविकेच्या मानधनापेक्षाही कमी असतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद होतो. अनुभवासाठी एक-दोन वर्षे ठीक. नियुक्तीपत्र आणि बँकेतून पगार, या दोन गोष्टी मागून घ्याव्यात.

पाळणाघराची गरज मात्र खरी आहे आणि ती वाढते आहे. बारामती एमआयडीसी, टेक्सटाइल पार्कमध्ये कामाला जाणाऱ्या बाया, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या पाळीने काम करणाऱ्या परिचारिका, यांची दोन-तीन वर्षांची मुले दिवसभर कुठे असतात? सासूकडे, नाहीतर शेजारणीकडे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले. केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुले असतील तर ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमावे, असे कायद्याच्या अनुसूचीतच आहे. ग्रामसभेत या मुद्द्यावर कुणी हात वर केल्याचे फारसे ऐकिवात नाही.

स्वतःचे पाळणाघर काढायचे तर घरातली एक हवेशीर खोली, उंबऱ्याला फळी, गॅस आणि पाण्याची टाकी मुलांच्या हाताबाहेर, आणि तीन वर्षांखालची चार-पाच मुले असतील तर मदतीला दुसरी बाई. सुरुवात लहान ठेवलेली बरी. बचत गटातून कर्ज घेण्याआधी आजूबाजूच्या दहा घरांत विचारून किती मुले येतील ते लिहून काढावे.

पुणे शहरात बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी 'तारा मोबाइल क्रेशेस' आणि 'डोअर स्टेप स्कूल' या संस्था अनेक वर्षे काम करतात. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली 'ग्राममंगल' बालशिक्षणाचे प्रशिक्षण देते. गावाबाहेर राहायची तयारी असलेल्या मुलीला अशा संस्थांत जे शिकायला मिळते ते वर्गात बसून मिळत नाही.

कुटुंबासाठीच्या सेवा

लहान मुलांचे काम म्हणजे फक्त शिकवणे नव्हे. मुलाला मारहाण होते, आई सोडून गेली, वडील दारूत गेले, चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले, अशा वेळी काम करणारी एक वेगळी यंत्रणा आहे. तिची ओळख गावात जवळपास कुणालाच नाही.

गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर असते आणि सेविका त्याला साहाय्य करते. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात ज्या घरचे लग्न थांबवायचे ते घर सेविकेच्या भावकीतले असते. म्हणून १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा मोफत क्रमांक तिने आणि शेजाऱ्यांनीही पाठ ठेवावा. फोन करणाऱ्याचे नाव उघड केले जात नाही. महिलांसाठी १८१ आहे.

जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष आहे. तिथे समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्रीय कार्यकर्ता, संरक्षण अधिकारी ही पदे मिशन वात्सल्य योजनेतून कंत्राटी भरली जातात. समाजकार्याची पदवी, म्हणजे बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू, इथे उपयोगी पडते. पुण्यात १९६३ पासूनची कर्वे समाज सेवा संस्था त्यासाठी ओळखली जाते. सखी वन स्टॉप सेंटर, पोलिस ठाण्यांतले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष, कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक या जागाही याच शिक्षणावर मिळतात. कंत्राटाचा धोका आहेच. दर वर्षी मुदतवाढीची वाट बघावी लागते. पण कामाचा अनुभव पुढे मोजला जातो : बाल न्याय कायदा २०१५ नुसार बाल कल्याण समितीचा सदस्य व्हायचे तर बालमानसशास्त्र, समाजकार्य, कायदा यांसारख्या विषयात पदवी लागते आणि त्यासोबत मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात सात वर्षे सक्रिय असावे लागते, किंवा अशी पदवी घेऊन व्यवसाय करत असावे लागते. अशी पदवी घेऊन गावात सात वर्षे मन लावून काम केलेली बाई त्या खुर्चीपर्यंत जाऊ शकते.

याच कामाशी जोडलेली एक योजना घरोघरी सांगण्यासारखी आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई-वडील नसलेल्या, एकच पालक असलेल्या किंवा पालक गंभीर आजारी असलेल्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. कोरोनात घरातला कर्ता गेलेली कुटुंबे आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यातल्या अनेकांना हा अर्ज माहीत नाही, कारण सांगणारे कुणी नाही.

जाहिरात कुठे बघायची

सेविका-मदतनीस भरतीची जाहिरात तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयातून निघते. ती ग्रामपंचायतीच्या आणि पंचायत समितीच्या सूचना फलकावर लागते. जागा रिकाम्या होतील तशा गावनिहाय भरल्या जातात, त्यामुळे आपल्या गावात कोणती सेविका कधी निवृत्त होणार हे ग्रामपंचायतीत विचारले तरी अंदाज येतो. पर्यवेक्षिकेची जाहिरात पुणे जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर, बाल संरक्षण कक्षातील कंत्राटी पदांची जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाकडून.

फाइलमध्ये आधीच लावून ठेवायचे कागद : बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, रेशन कार्ड, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नावात बदल असल्यास राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, पतीचा मृत्यू दाखला किंवा अनुभव प्रमाणपत्र, आणि एमएससीआयटीचे प्रमाणपत्र. अर्ज देताना शेवटच्या दिवसाची वाट बघू नये आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.